तुम्ही विचारलंत म्हणून: हे रस्त्यावर कामाला येतं का?

बडोद्यात आमच्या कुस्ती-लाठीच्या क्लबात मुलांची नावं घालायला येणारे आईबाप फीच्या आधी हेच विचारतात. मराठी घरातले म्हणतात, "ताई, उद्या कुणी अंगावर आलं तर कामाला येईल ना?" गुजराती शेजारी म्हणतात, "बेन, आ बधुं काम लागे?" आमच्याकडे सकाळी कुस्ती असते. संध्याकाळी लाठी, फरीगदका, दांडपट्टा आणि थोडं बिनोट, म्हणजे हत्यारवाल्याशी लढायचे डाव. दारात उभ्या उभ्या एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहिते.

आधी उत्तर. कुस्ती कामाला येते. दांडपट्टा येत नाही. लाठीचं मात्र कोण शिकवतं आणि कसं शिकवतं, त्यावर आहे.

कुस्तीत समोरचा पोर तुमचं ऐकत नाही, हेच तिचं भांडवल. एकेरी पट काढायला, म्हणजे एक पाय धरून पाडायला, वाकलात की तो पाय मागे टाकून तुमची मान दाबतो. ढाक, म्हणजे कंबरेवरून फेकायचा डाव, लावायला जावं तर कंबर खाली सोडतो. शिकवलेला डाव शिकवल्यासारखा कधीच लागत नाही. तो चुकल्यावर पुढच्या क्षणी काय करायचं, हे अंगाला कळत जातं. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दुसऱ्या फेरीत दंड भरून येतात, दम लागतो. तेव्हा जे हातून होतं तेवढंच आलेलं, बाकीचं नुसतं पाहिलेलं. शिवाय पडायची सवय होते. स्कूटरवरून पडलेली आमच्याकडची मुलगी हनुवटी छातीला लावून पडते आणि डोकं वाचवते, हा फायदा मला मारामारीपेक्षा मोठा वाटतो. कुस्तीच्या मर्यादाही आहेत. तिच्यात ठोसा नाही, दुसरा माणूस नाही, हातात वीट घेतलेला तिसरा तर नाहीच. दोघं असतील तर एकाला घेऊन जमिनीवर जाणं हा शुद्ध मूर्खपणा. हे मी पहिल्या महिन्यातच सांगून टाकते.

आता दांडपट्टा. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये त्याला राज्यशस्त्र ठरवल्यापासून इकडे बडोद्यातही विचारणा वाढली. पात्याला लोखंडी खोबळा असतो, त्यात कोपरापर्यंतचा हात जातो. मनगट बंद झालं की फिरवायला खांदा, कंबर आणि पाय एवढंच उरतं. म्हणून पट्ट्यावर पवित्रा जितका पक्का होतो तितका दुसऱ्या कशावर होत नाही. मला तो फार आवडतो. पण पट्टा घेऊन कुणी मांडवीला भाजी आणायला जात नाही. आणि तो समोर कुणाला उभं करून फिरवताच येत नाही. लिंबू कापतात, तेही निमूट पडून राहतं.

लाठीचं दुखणं वेगळं. तमाचा, बाहेरा, शिर असे वार ठरलेल्या क्रमाने घोटून घेतात. दोन मुलांना क्रम पाठ झाला की लाठ्या खाडखाड वाजतात, आईबाप मोबाइल वर करतात. खरं म्हणजे तो टिपऱ्यांचा खेळ झालेला असतो. एकाने क्रम मोडून गुडघ्याकडे लाठी टाकली की दुसरा गोंधळून बघत राहतो. गणपतीच्या मिरवणुकीसाठी तयार केलेल्या बहुतेक पथकांचं हेच होतं. दांडिया बाजारातून बनेटी, म्हणजे टोकांना गोळे लावलेली काठी, फिरत जाते तेव्हा मलाही अभिमान वाटतो, पण ते प्रदर्शन आहे हे मुलांना माहीत असलेलं बरं.

हे असं का झालं, याचं माझं एक मत आहे. बडोद्यातल्या जुन्या लोकांना ते कदाचित रुचणार नाही. इथले वस्ताद जुम्मादादा यांचे शिष्य गजानन यशवंत तांबे, म्हणजे आपले प्रोफेसर माणिकराव, यांनी गुरूच्या नावाची व्यायामशाळा नावारूपाला आणली. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू. आखाड्यात ते कुणाला खटकलं नाही. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी इथेच घडले. माणिकरावांनी संघव्यायाम रुजवला. एका हुकुमावर शेकडो मुलं एकसारखी हलतील अशी ती रचना, आणि त्या काळी ती हवीच होती. सगळ्या शाळेला एकेका वस्तादाच्या हाताखाली घालता येत नाही. पण शेकडो मुलं एकसारखी हलवायची तर समोर विरोध करणारा कुणी ठेवता येत नाही. सोपं होतं ते पसरलं. माणिकरावांचं बिनोट आणि हाडं बसवण्याची विद्या मात्र तशी पसरली नाही. तालमीला हाडवैद्य लागत असे, यावरूनच समजा की तिथे माणसं एकमेकांना खरोखर पाडत होती.

दुसरं टोकही याच गावात होऊन गेलं. १८६०च्या दशकात, खंडेराव गायकवाडांच्या काळात, लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी इथे आला होता. त्याने नखी कुस्तीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मल्लांच्या मुठीला शिंगाची नखं बांधलेली असत आणि ते रक्तबंबाळ होईतो लढत. याच जातीची वज्रमुष्टी, म्हणजे जेठी या मल्लांच्या समाजाची मुठीला हत्यार लावून होणारी कुस्ती, म्हैसूरच्या दसऱ्यात अजून होते, पण तिथे रक्ताचा पहिला थेंब दिसला की थांबवतात. विरोध हवा म्हणून मुलांच्या मुठींना शिंगं बांधा, असं मी अर्थातच म्हणत नाही.

मधला रस्ता आपल्याकडेच होता: फरीगदका. उजव्या हातात कातडं चढवलेली काठी म्हणजे गदका, डाव्यात लहान ढाल म्हणजे फरी, आणि वार पूर्ण जोरानिशी. लागतं, वळ उठतो, हाड वाचतं. क्रम नाही, कुठेही मारा. पहिले काही दिवस सगळ्यांची बोटं शेकतात, कारण सगळे ढालीमागून काय दिसतंय ते बघत बसतात. मग कुणी न सांगता पाय हलायला लागतात. टोकाच्या कक्षेबाहेर राहायचं, नाहीतर थेट मुठीपर्यंत आत घुसायचं. मधे रेंगाळलं की मार. आत घुसल्यावर मनगट धरायचं, आणि तिथून पुढे सगळी कुस्तीच. म्हणून सकाळच्या वर्गाला न येणाऱ्याला मी गदका देत नाही. पालक कुरकुरतात. शाळेची बस लवकर असते, मला कळतं, पण नियम तोच आहे.

सुरीबद्दल तुम्ही वेगळं विचारता, विशेषतः मुलींच्या आया. बिनोटात सुरीवाल्याचा हात धरून पिरगळण्याचे डाव आहेत, ते मी शिकवते. शिकवून झाल्यावर मुलीला पांढरा बनियन घालायला लावते आणि समोरच्याच्या हातात उघडं लाल स्केचपेन देते. डाव ओळखीचा, फक्त त्याने हात मागे ओढायचा, पुन्हा पुन्हा भोसकायचा. अर्ध्या मिनिटाने बनियन बघायचा. दंडावर, पोटावर, काखेत रेघाच रेघा. त्यानंतर सुरी दिसली तर काय करायचं, हे मला सांगावं लागत नाही. मुलीच म्हणतात, पळायचं. पर्स मागितली तर टाकून पळायचं. पळताच येत नसेल तर मग तो मनगटाचा डाव, आणि तोही हात कापला जाणार हे धरूनच.

तेव्हा नाव घालायचं असेल तर सकाळी सहाला या. नखं कापलेली हवीत, केस बांधलेले, कानात-गळ्यात काही नको. अंगावर गजकर्ण असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मॅटवरून ते आठवड्यात सगळ्यांना होतं. लाठी विकत घेऊ नका, क्लबात आहेत. पांढरा बनियन मात्र जुनाच पाठवा.