४२० रुपयांचा दोरा: घरी शिवलेली सॅक घेऊन अस्तंबा

परवा रात्री सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावरून परतलो. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, डाव्या कुशीवर पंजाएवढं काळंनिळं पडलंय, आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. म्हणून निकाल आधी सांगून टाकतो. सॅक घरी शिवता येते. तिची ॲल्युमिनियमची फ्रेमही घरी होते. अस्तंबा एका मुक्कामात आरामात होतो. फक्त दोरा स्वतः जाळून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. घेतलात तर माझ्यासारखे घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, बसाल आणि पाच लिटर पाणी दरीत जाताना बघाल.

सॅकचा मूळ नमुना अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा. तिकडे एल्क नावाचं, आपल्या सांबराच्या जातकुळीतलं पण भलंमोठं जनावर मारतात आणि त्याचं मांस पाठीवर लादून डोंगर उतरतात. त्यासाठी सॅक फ्रेमपासून सुटी होते. मग फ्रेमच्या खालच्या बाजूला पुढे आलेल्या आडव्या फळीवर वजन ठेवायचं आणि वरून सॅकनेच ते आवळून टाकायचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचं नाव काढायचं नाही, आणि मला काढायचंही नव्हतं. मला त्या फळीवर पाणी न्यायचं होतं. जानेवारीत सातपुड्यात माथ्याकडे पाण्याचा भरवसा नसतो, आणि साध्या सॅकमध्ये पाण्याचे कॅन टाकले की ते तळाशी बसून कमरेत ढुशा देतात.

अशा फ्रेमा घरी बनवणारा मी काही पहिला नाही. १९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाच्या माणसाने घरीच ॲल्युमिनियमच्या फ्रेमा वाकवून विकायला सुरुवात केली, आणि सॅका त्याची बायको नीना शिवायची. हे मी घरी सांगून पाहिलं. “मग त्या नीनालाच बोलाव,” असं उत्तर आलं. शिवण मीच केलं, आजीच्या पायमशीनवर.

फ्रेमचं थोडक्यात सांगतो, कारण फ्रेमने दगा दिला नाही. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून पाऊण इंची ॲल्युमिनियमचा पाइप आणला. तो तसाच वाकवला तर वळणावर चपटा होतो आणि तिथेच मोडतो. आत कोरडी बारीक वाळू ठासून भरा, दोन्ही टोकांना लाकडी बूच मारा आणि जाड लोखंडी पाइपाभोवती हळूहळू वाकवा. माझे दोन पाइप वाया गेले, तिसरा जमला. आडव्या पट्ट्यांसाठी वेल्डिंग करू नका. आरगॉन वेल्डिंगवाला “काही होत नाही भाऊ” म्हणेल, आणि त्याचा टाका खरंच सुटणार नाही, पण टाक्याच्या बाजूचा पाइप त्या उष्णतेने मऊ पडतो आणि मोडतो तिथे. मी भोकं पाडून पत्र्याचे कोन लावले आणि रिव्हेट मारले. दिसायला गावठी आहे. अजून शाबूत आहे.

उंचीचं माप मात्र चुकवू नका. मान खाली घातली की मागे जे हाड उठून दिसतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या काठापर्यंत टेप लावायचा. माझं माप ४७ सेंटिमीटर आलं. वजन खांद्यावर नाही, कमरेच्या पट्ट्यावर बसलं पाहिजे. खांद्यांनी नुसता तोल सांभाळायचा. फ्रेमचं वरचं टोक खांद्यापेक्षा चार बोटं वर ठेवा, म्हणजे तिथून खांदापट्ट्यावर तिरका येणारा छोटा पट्टा ओढला की ओझं मागे लोंबत नाही, पाठीला चिकटतं.

आता दोरा.

कापड मिळालं: बॅगा शिवणारे वापरतात ते जाड मॅटी. निवार मिळाली, एक इंची आणि दीड इंची. बकल, फोम, पायपिन, चेनचे रनर, सगळं धुळ्यातच एका दुपारी झालं. दोऱ्यासाठी एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. मी म्हटलं, बॅगेचा नायलॉन दोरा, चांगल्यातला. शेठने काळं, चकचकीत, हाताला किंचित मेणचट लागणारं रीळ काढलं आणि म्हणाला, “ताडपत्रीवाले हाच नेतात.” भाव विचारला. ४२० रुपये. आकडा ऐकूनच मी शहाणं व्हायला हवं होतं. उलट मला वाटलं, महाग आहे म्हणजे चांगला असणार. इतर दुकानांत दोनशेच्या आसपास मिळत होतं, ते मी स्वस्त म्हणून सोडलं.

तो दोरा नायलॉन नव्हता, पॉलिएस्टरही नव्हता. मेण आणि खळ लावून चमकवलेला सुती दोरा होता, आणि बहुतेक बरीच वर्षं कुठेतरी ओलीत पडून कुजलेला. हे मला कधी कळलं? परत आल्यावर, गॅसजवळ. खऱ्या नायलॉनचं टोक ज्योतीजवळ नेलं की ते आक्रसतं, वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. माझ्या दोऱ्याने सरळ पेट घेतला, कागद जळल्याचा वास आला आणि मागे राखाडी भुगा राहिला. दहा सेकंदांचं काम. दुकानाबाहेर उभं राहून काडेपेटीने झालं असतं. दुसरी परीक्षा त्याहून सोपी: दोरा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून झटका द्या. बॅगेचा जाड नायलॉन दोरा आधी तुमचं बोट कापेल. माझा टचकन तुटला.

घेताना शक्यतो पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन ताकदीला चांगला, पण उन्हात लवकर खराब होतो आणि ओला झाला की ताणतो. आपल्याकडचं ऊन माहीत आहे. १८ नंबरची सुई लावा. खाली बॉबिनमध्येही तोच जाड दोरा भरायचा असेल तर बॉबिन-केसचा बारीक स्क्रू पाव फेरा सैल करा, नाहीतर खालून गुंता येतो आणि माणूस मशीनला शिव्या देतो. टाके बारीक घालू नका, इंचाला सहा-सात पुरे. बारीक टाक्यांनी निवार पोस्टाच्या तिकिटासारखी भोकाभोकांची होते आणि नेमकी त्या रेषेत फाटते. हे मी वाचलं होतं, तरी कमरपट्ट्याला मजबुती यावी म्हणून बारीक टीप मारली, चौकोन आणि आत फुली. चूक माझी. पण फाटली निवार नाही, तुटला दोराच, हे नोंदवून ठेवतो.

आम्ही चौघं. मी, मामेभाऊ आणि त्याचे दोन मित्र. एसटीने शहादा, तिथून तळोदा. नंदुरबारपर्यंत रेल्वेने येऊन तापी ओलांडूनही तळोद्याला येता येतं. तळोद्यात शेवभाजी खाल्ली, तिने रात्रभर आठवण ठेवली. पुढे जीप. कोठारवरून चांदशैली घाट चढून, रस्ता नेईल तिथपर्यंत सोडायचे चौघांचे १,८०० मागितले, १,२०० वर आला. वर पोचल्यावर “सामानाचे वेगळे” म्हणून आणखी २०० घेतले. सामान म्हणजे माझी सॅक. बसतानाच तिच्याकडे बघून त्याने विचारलं होतं, “हाई काय शे भाऊ, टीव्हीचा अँटेना?” सामानासकट किती ते बसायच्या आधी ठरवा. आणि पावसाळ्यात तो घाट नकोच, दरडी येतात.

धनत्रयोदशीच्या यात्रेत गेलात तर वाट विचारायची गरज नाही, गर्दी घेऊन जाते. आम्ही जानेवारीत गेलो, त्यामुळे डोंगरावर आम्ही, गुरं आणि वारा. पहिला दिवस छान गेला. मुक्कामाला खिचडी आणि ठेचा. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अश्वत्थामा कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत इथे फिरतो म्हणतात. रात्री मामेभाऊ तंबूबाहेर जायला तयार नव्हता, एवढंच.

सॅक कशी चालली? चढताना अप्रतिम. फळीवर पाच-पाच लिटरचे दोन कॅन, वर तंबू, एकूण १९ किलो. मोकळ्या हाताने चढत होतो. बाकी तिघं दर अर्ध्या तासाला खांदे चोळत होते आणि मी उगीच पुढे जाऊन त्यांची वाट बघत उभा राहत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला माथ्यावर. १,३२५ मीटर, महाराष्ट्राच्या सातपुड्यातलं सगळ्यात उंच ठिकाण. मी माझ्या फ्रेमचे फोटो काढले, देवाचे नाही. ते बाधलं, असं मामेभाऊ अजून म्हणतो.

माथ्याखालचा उतार हा या ट्रेकमधला एकमेव वाईट पट्टा, पण तो पुरून उरतो. वाळलेलं गवत, त्याखाली सुटा मुरूम, त्यात मुठीएवढे दगड. पाय ठेवला की सगळं पायासकट खाली सरकतं. चढताना पुढे वाकलेले असता म्हणून जाणवत नाही. उतरताना प्रत्येक पावलाला कमरपट्ट्याला हिसका बसतो, सगळं वजन डावीकडे, मग उजवीकडे. आम्ही साडेतीनला उतरायला लागलो, हा दुसरा मूर्खपणा. ऊन समोरून डोळ्यांत, आणि गवताची चकाकी अशी की खाली दगड आहे की खड्डा ते कळत नाही. या पट्ट्यावर दुपारी दोननंतर असू नका. काठी न्या. गुळगुळीत झालेल्या तळव्याचे बूट घालून येणाऱ्याला मी तरी सोबत नेणार नाही.

अर्ध्यात आल्यावर डाव्या कुशीजवळ बारीक आवाज आला. टिक. मला वाटलं, गवताची काडी. पुन्हा टिक. मग टिक-टिक-टिक, चेन उघडावी तसा. चौकोनाची एक बाजू उसवली, मग फुली, मग पट्टा फ्रेमपासून अलगद सुटला. त्याच क्षणी १९ किलो उजव्या खांद्यावर आले आणि मी डाव्या कुशीवर पडून सात-आठ हात घसरत गेलो. एक कॅन फळीवरून निसटला. दोन टप्पे घेतले, तिसऱ्याला फुटला. मामेभाऊ वरून ओरडत होता, “दादा, हात सोडू नको!” धरायला काय होतं, ते त्यालाच ठाऊक.

दुरुस्तीसाठी सुई होती. दोरा? तोच. शिवला, दहा पावलांत तुटला.

खाली बैल घेऊन जाणारे एक पावरा आदिवासी बाबा थांबले. साठीच्या पुढचे असावेत. त्यांचं बोलणं मला फारसं कळलं नाही, त्यांना माझं कळत होतं. त्यांनी सॅक आडवी पाडली, फ्रेमला बोटाने टिचकी मारून बघितली, आणि कमरेला गुंडाळलेली अंबाडीच्या वाखाची दोरी सोडली. तिचे पीळ उलगडून हातभर दोन पेड वेगळे केले, थुंकीने ओले केले. पट्ट्याचं टोक फ्रेमच्या पाइपावरून दुमडून घेतलं, त्यावरून सात फेरे, मग फेऱ्यांच्या मधून आडवे तीन, आणि शेवटचं टोक आत कुठेतरी गायब. गाठ दिसतच नव्हती. पाय लावून ओढून बघितलं आणि मला म्हणाले, “घाल.” पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. मामेभावाने बिस्किटांचे दोन पुडे दिले, ते घेतले.

त्या दोरीवर मी तळोद्यापर्यंत आलो. जाताना दिसला तोच जीपवाला भेटला, आणि या वेळी सामानाचे मागितले नाहीत. तोंड बघूनच बहुतेक.

काल सॅक घेऊन आमच्या कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो. सगळ्या टिपा उसवून नव्याने मारून द्या म्हटलं. त्यांनी काळा दोरा नखाने खरवडला आणि म्हणाले, “दोरा कच्चा शे भाऊ.” मग अंबाडीची बांधणी दिसली. चष्मा कपाळावर चढवून, सॅक उजेडाकडे फिरवून बराच वेळ बघत राहिले. “हाई गाठ कोनी मारी?”

सांगितलं. बाकी सगळं त्यांनी दाभणाने, जाड दोऱ्याने हातशिलाई करून दिलं, १५० रुपयांत. तेवढी बांधणी मात्र सोडली नाही. उजवीकडच्या पट्ट्यालाही तशीच मारून बघू म्हणाले, पण अंबाडीची दोरी मीच आणून द्यायची. धुळ्यात कुणाला माहीत असेल तर दुकान सांगा.