शेपूट छाटले तरी मूळच

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी परवा वीज गेली, तेव्हा वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर मी ७,३९,३९,१३३ ही संख्या लिहिली. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. मराठीत वाचताना एकोणचाळीस दोनदा येतात, हे सौंदर्य गणिताचे नव्हे, आपल्या मोजणीचे. गणिताचे वैशिष्ट्य निराळेच आहे. ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही, आणि उजवीकडचा एकेक अंक पुसत गेल्यास उरणाऱ्या ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि ७ याही मूळच ठरतात.

७३९ची खात्री तोंडी होते, कारण तिचे वर्गमूळ २७हून किंचित मोठे असल्याने २३पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. पूर्ण संख्येसाठी मात्र ८५९८पर्यंतच्या हजाराहून अधिक मूळ संख्या तपासाव्या लागतात, आणि मेणबत्तीच्या उजेडात तेवढा उत्साह माझ्यात नव्हता.

दशमान पद्धतीत अशा संख्या एकूण ८३ असून ही त्यांतली सर्वांत मोठी आहे. शेवटी सम अंक किंवा ५ जोडणे व्यर्थच. अंकांची बेरीज ३८ असल्याने १ किंवा ७ जोडल्यास तीनने भाग जातो, आणि ३ वा ९ जोडूनही मूळ संख्या मिळत नाही.