आईचा फोन आणि माजघरातली एक काडी

आई मावशीशी बोलायला लागली की पाऊण तास तरी हलत नाही. भोर तालुक्यातलं आमचं घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं. माजघरात रेंजची जेमतेम एक काडी. तिथेच बसून, मान वाकडी करून, फोन खांद्यात आणि कानात दाबून ती मेथी निवडते. गेल्या आठवड्यात मी गावी होते. तिने फोन ठेवला तेव्हा कानाची पाळी लालबुंद झाली होती. "किरणं लागली गं," म्हणाली.

ती लाली किरणांची नव्हती. फोन गरम होतो तो मुख्यतः बॅटरी आणि आतल्या चिपमुळे, आणि इतका वेळ दाबून धरल्यावर कान लाल होणारच. पण तिची काळजी मी उडवून लावली नाही, कारण तिची बसायची जागा खरंच चुकीची होती.

टॉवर लांब असला, मध्ये जाड भिंत आली, की टॉवरपर्यंत पोचायला फोन जोर लावतो. रेंज चांगली असली की तोच फोन अगदी थोडक्या ताकदीवर भागवतो. फोर-जीचा फोन जास्तीत जास्त पाव वॉटच्या आसपास जातो. टू-जीवर, ९०० मेगाहर्ट्झला, हाच आकडा २ वॉटपर्यंत चढू शकतो. गावाकडे रेंज पडली की कॉल टू-जीवर येऊ शकतो, आणि तेव्हा फोन कानाला चिकटलेला असतो. दोन वर्षांपूर्वी गावात टॉवर नको म्हणून सह्या झाल्या, आईनेही केली. पण डोक्यापर्यंत पोचणाऱ्या लहरी बहुतेक हातातल्या फोनच्याच असतात, लांबच्या टॉवरच्या नव्हे. हे तिला मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

तिच्या फोनवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलं. 'सार'चा आकडा आला, डोक्यासाठी १.१. शरीराच्या एक किलोमागे किती वॉट शोषले जातात त्याचा हा आकडा. आपल्याकडे २०१२ पासून मर्यादा १.६ आहे. हे मोजमाप फोन पूर्ण ताकदीवर ठेवून करतात, त्यामुळे रोजच्या वापरात प्रत्यक्ष आकडा बराच कमी असतो. "कॅन्सर होतो का गं?" तिने विचारलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी 'शक्यता आहे' अशा गटात टाकल्या होत्या. पुढे त्याच संघटनेने करून घेतलेल्या, २०२४ मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. घाबरू नकोस, पण फोन कानापासून लांब धरणं फुकट आहे, तेवढं कर.

ओट्यावर तीन काड्या येतात. तिथे पाट टाकला, वायरचा हेडफोन खुंटीला अडकवला. मावशीचा फोन आला तेव्हा आई आधी मेथीची परडी घेऊन बाहेर गेली, मग हिरवं बटण दाबलं.