आमची शाळा भरतीच्या वेळेप्रमाणे भरते

बेलापूरला आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये जो भेटतो तो आधी मुलांच्या शाळेचं विचारतो, बोटीचं नंतर. 34 फुटी शिडाची बोट घेऊन आम्ही चौघं कोकण किनाऱ्याने कोचीपर्यंत आणि तिथून पुढे मालदीवला जाणार हे लोकांच्या पचनी पडतं, पण मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात म्हटलं की चेहरा बदलतो. म्हणून तयारी आणि अभ्यास दोन्हीचं एकत्रच लिहिते, आमच्या घरात ते वेगळं राहिलेलंच नाहीये.

पावसाळ्याआधी बोट करंजाला वर काढली. उरण लोकल पकडायची (2024 पासून ती थेट उरणपर्यंत जाते, केवढी सोय झालीय सांगू), तिथून रिक्षा, आणि मग दिवसभर बोटीचं पोट खरवडायचं, तळाला घट्ट चिकटलेले बार्नेकल (शिंपल्यासारखे जीव) काढायचे, प्रायमर, त्यावर ते पुन्हा धरू नयेत म्हणून अँटिफाउलिंग रंगाचे दोन हात. प्रोपेलरजवळचं झिंक, म्हणजे जस्ताचा तुकडा, पण बदललं. धाकटा विचारत होता की चांगला धातू मुद्दाम झिजायला का लावायचा, तर खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडलेले असले की त्यातला एक झिजतोच, मग तो महागडा प्रोपेलर नको झिजायला, झिंक झिजू दे. मोठीने घरी मिठाच्या पाण्यात तांब्याची तार आणि जुन्या झिंकचा तुकडा ठेवून मल्टीमीटर लावला, पाऊण व्होल्टच्या आसपास आकडा आला, त्यानंतर विज्ञानातला तो धडा वाचायला तिला अर्धा तास पण लागला नाही.

पण मला खरं सांगायचंय ते पाऊणकीबद्दल, म्हणजे पाऊणपटीच्या पाढ्याबद्दल. दिवाळे गावातले एक कोळी काका आम्हाला खाडीची वळणं दाखवतात, त्यांनी एकदा मोठीला विचारलं, "आज तिथी काय गं पोरी?" ती म्हणाली अष्टमी. "मग आठाची पाऊणकी कर." सहा. "सहाला भरती." एवढंच. चतुर्थी असेल तर तीन, द्वादशी असेल तर नऊ, पौर्णिमा-अमावस्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. माझ्या सासऱ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी सगळं तोंडपाठ, त्यांनी दोनाचे दीड, तीनाचे सव्वादोन, चाराचे तीन असं म्हणून दाखवलं आणि शाळेत अपूर्णांक म्हटलं की रडणारी माझी लेक आठवड्याभरात ते धडाधड म्हणायला लागली, कारण आता त्या उत्तरावर आपण निघायचं की थांबायचं हे ठरत होतं.

मग तीच एक दिवस कालनिर्णय घेऊन बसली आणि म्हणाली, आई, पौर्णिमेला पंधराची पाऊणकी सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण वाजता, मधे एकदम दीड तासाची उडी कशी? मला आनंद झाला त्या प्रश्नाचा. छापील टाइड टेबल काढून बसलो. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, पाऊणकीत आपण 45 धरतो, म्हणजे रोजची पाच मिनिटं सुटतात आणि पंधरा तिथींची होतात 75, म्हणून पौर्णिमेची भरती सव्वाअकराला नाही, साडेबाराच्या सुमाराला येते. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, ते माहीतच असतं, उधाणाला, पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीला, आम्ही तासभर जास्तीच धरतो. नियम, त्याची चूक, आणि ती चूक सांभाळून घेणारा अनुभव, तिन्ही तिला एकाच वेळी मिळालं. मी कितीही छान शिकवलं असतं तरी हे मला जमलं नसतं.

धाकटा आठ वर्षांचा. त्याला ध्रुवतारा वेड लावतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, गच्चीवरून ध्रुव दोन मुठींच्या जरा खाली दिसतो कारण आपण 19 अक्षांशावर आहोत, कोचीला तो एकाच मुठीवर येईल. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, हे कळल्यापासून तो नकाशावर डिव्हायडर चालवत असतो. कोची ते मालदीवचं उलिगन त्याने 265 मैल मोजलं, ताशी पाच मैलांनी दोन दिवस आणि वर काही तास. त्यावरून चौघांचं पाणी, माणशी पाच लिटर, दुप्पट दिवस धरून. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, सोडे यांची यादी सासूबाई करतायत, त्यात आम्ही कोणी बोलत नाही.

आता जे बोटीवर आपोआप होत नाही ते पण सांगते. मराठी लिहिणं होत नाही, व्याकरण होत नाही, बरोबरीची पोरं मिळत नाहीत. म्हणून सकाळी आठ ते दहा वही-पेन, तेव्हा बोटीचा विषय बंद, आणि संध्याकाळी खाली खेळायला जायचंच. परीक्षेचं म्हणाल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेची दहावी वयाची 14 पूर्ण झाल्यावर देता येते, मोठीला अजून दोन वर्षं आहेत. इतिहास मी मुद्दाम राखून ठेवलाय, 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाला जळालं, हे मला त्यांना विजयदुर्गाच्या खाडीत नांगर टाकूनच सांगायचंय.

राहिलेली कामं: मास्टच्या (शिडाच्या खांबाच्या) वायरी तपासणं, व्हीएचएफ रेडिओ, संकटात सॅटेलाइटला आपलं ठिकाण कळवणाऱ्या इपर्बची बॅटरी, मुलांना बोटीला बांधून ठेवणारे हार्नेस. बोट पाण्यात उतरवायला उधाण लागतं म्हणून कोजागिरी धरलीय. सकाळचे मतलई वारे आणि दुपारचे खारे वारे नीट सुरू झाले की नोव्हेंबरमध्ये मुरुड, दाभोळ, जयगड करत खाली निघायचं. क्रेनवाल्याने कोजागिरीला किती वाजता येऊ विचारलं तेव्हा फोन मोठीकडेच दिला, तिने साडेबारा सांगितले.