तुम्ही विचारलंत म्हणून: बँको हा स्ट्यूअर्ट राजांचा पूर्वज होता का?

मध्ययुगीन स्कॉटलंडच्या वंशावळींचा मला नाद आहे हे कळले की ‘मॅकबेथ’ वाचलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: ज्याच्या वंशात राजे होतील असे चेटकिणींनी सांगितले, तो बँको खरोखरच स्ट्यूअर्ट घराण्याचा मूळपुरुष होता का?

नव्हता. मॅकबेथने १०४० ते १०५७ राज्य केले, पण त्या काळातल्या कोणत्याही नोंदीत बँकोचे नाव नाही. तो अवतरतो तो थेट १५२७ साली छापलेल्या हेक्टर बोईसच्या इतिहासात. बँकोचा मुलगा फ्लिआन्स वेल्सला पळाला, तिथल्या राजकन्येपासून त्याला वॉल्टर झाला आणि पुढे स्कॉटलंडला येऊन तो राजाचा कारभारी झाला, अशी ही कथा. होलिनशेडच्या बखरीतून ती शेक्सपिअरपर्यंत पोहोचली, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर १६०३ पासून स्ट्यूअर्ट घराण्याचाच जेम्स बसलेला होता.

या कथेतला वॉल्टर मात्र खरा आहे, आणि म्हणूनच ती इतकी टिकली. दानपत्रांत तो ‘आलनचा मुलगा वॉल्टर’ म्हणून भेटतो. हा आलन, म्हणजे आलन फिट्झ फ्लाड, फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतातल्या डोल गावचा. तिथे त्याच्या घराण्याकडे धर्मपीठाचे कारभारीपद वंशपरंपरेने चालत आले होते. पहिल्या हेन्रीच्या कारकिर्दीत तो इंग्लंडला आला आणि श्रॉपशरमधले ऑसवेस्ट्री व नॉरफोकमधल्या काही जमिनी त्याला मिळाल्या. त्याचा एक मुलगा विल्यम इंग्लंडमध्येच राहिला, आणि अरंडेलचे फिट्झॲलन अर्ल त्याच्या वंशातले. वॉल्टर पहिल्या डेव्हिड राजाच्या पदरी उत्तरेत गेला आणि त्याचा मुख्य कारभारी, म्हणजे स्ट्युअर्ड, झाला. पुढे चौथ्या माल्कमने हे पद वंशपरंपरागत करून दिले. आपल्याकडे देशमुख आणि चिटणीस यांचे जसे झाले, तसेच इथेही हुद्द्याचे आडनाव झाले.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्कॉटलंडमधल्या पेझलीच्या मठाचा पुरावा. वॉल्टरने ११६३ च्या सुमारास हा मठ स्थापला, तेव्हा त्यासाठी तेरा भिक्षू आणले ते श्रॉपशरमधल्या वेनलॉकहून, आणि स्थानिक संत मिरिन याच्या जोडीला वेनलॉकची संत मिल्बर्गा हिलाही तो मठ अर्पण केला. माणूस नव्या मुलुखात जाऊन मोठा होतो, पण देवकार्याची वेळ आली की त्याला आपल्या घराजवळचाच मठ आठवतो. बँकोचा नातू म्हणून रंगवलेल्या वॉल्टरपेक्षा हा वॉल्टर मला कितीतरी जवळचा वाटतो. जॉर्ज चामर्सने १८०७ मध्ये त्याचा संबंध ऑसवेस्ट्रीच्या आलनशी जोडून दाखवला आणि १९०१ मध्ये होरेस राउंडने दानपत्रांचाच आधार घेत तो धागा डोलपर्यंत नेला.

मग खोटी वंशावळ कशाला हवी होती? माझ्या मते, इंग्लंडशी पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या राज्याला आपले राजे इंग्लंडमार्गे आलेल्या ब्रेटन कारभाऱ्याचे वंशज आहेत, हे मानवणारे नव्हते. त्यांना या मातीतला पूर्वज हवा होता. वास्तविक त्याची गरजच नव्हती, कारण राज्य त्यांना मिळाले ते स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या मुलीमुळे. सहावा स्ट्युअर्ड वॉल्टर याने १३१५ मध्ये मार्जरी ब्रूसशी लग्न केले, १३१६ मध्ये त्यांना मुलगा झाला, आणि १३७१ मध्ये मामा दुसरा डेव्हिड निपुत्रिक वारल्यावर तोच मुलगा, वयाची पन्नाशी उलटल्यावर, दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला.

यावर आणखी एक शंका येते: जेम्सला स्कॉटलंडचे राज्य आई मेरीकडून मिळाले, मग तो पितृवंशाने स्ट्यूअर्ट कसा? त्याचे वडील लॉर्ड डार्नली हेही स्ट्यूअर्टच होते. चौथा स्ट्युअर्ड अलेक्झांडर १२८३ मध्ये वारला. त्याचा धाकटा मुलगा, बंकलचा सर जॉन, १२९८ मध्ये फॉलकर्कच्या लढाईत पडला, आणि डार्नली त्याच्या शाखेतला. म्हणजे आईकडून मोजा की वडिलांकडून, जेम्सचा वंश त्या डोलच्या कारभाऱ्यांपाशीच जाऊन पोहोचतो.