सिरीयलमधी आमची काळी माती काऊन दिसत नाही

काल रात्री जेवणं झाल्यावर माय अन् मी मोबाईलवर 'रात्रीस खेळ चाले' पाहत बसलो होतो, २०१६ मधले पहिले एपिसोड. मधेच माय म्हणते, "ह्या भिती खऱ्या हाय काय वं, का पुठ्ठ्याच्या?" मी सांगितलं खऱ्या आहेत, सावंतवाडीजवळ आकेरीला तो वाडा आहे, तिथंच जाऊन शूटिंग केलं त्यांनी. तर म्हणे, "म्हणूनच भेव वाटते."

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. भेव सगळं त्या ओल्या अंगणाचं, झाडीमागच्या काळोखाचं अन् हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल का नाही याचं आहे. तीच गोष्ट मुंबईच्या स्टुडिओत उभी केली असती तर माय घाबरली नसती, हे मी पैजेवर सांगते.

'पंचायत' ही हिंदी वेब सिरीज आली तेव्हा पण असंच झालं. गोष्ट यूपीतल्या बलिया जिल्ह्यातल्या फुलेरा गावची, म्हणजे गंगेकडचा मुलूख, पण शूटिंग झालं मध्यप्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात. सिहोर म्हणजे माळव्याचं पठार, सोयाबीन-गव्हाचा पट्टा, माती आमच्या विदर्भासारखीच काळी. माझा काका बोली ऐकून म्हणे यूपीचं आहे, अन् थोड्या वेळानं वावर पाहून म्हणे हे तर आपल्या इकडचं वाटून राहिलं बाप्पा. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, चाळीस वर्ष वावरात गेली त्याची. अन् खऱ्या गावात कॅमेरा लावला की घाई करता येत नाही, गल्ली जेवढी रुंद तेवढाच सीन, म्हणून ती सिरीज अशी निवांत चालते असं मला वाटते.

भावानं 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकन सिरीज दाखवली होती. ती आधी कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला घडणार होती, न्यू मेक्सिकोत टॅक्सची सवलत मिळत होती म्हणून आल्बुकर्कीला नेली. कारण निव्वळ पैशाचं, पण ते वाळवंट, ते एवढं मोठं आभाळ अन् अंगावर येणारा उजेड काढून टाका, मग सांगा काय उरते. आपल्याकडं उलटं पण पाहिलं आपण, एप्रिल २०२१ मधी कोरोनामुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं अन् कितीतरी मराठी सिरीयल गोव्याला, सिल्वासाला गेल्या. माणसं तीच, भांडणं तीच, पण ओळखीचं घर नाही तर माय म्हणे हे कोणाच्या घरी येऊन भांडून राहिले.

अन् आमचा विदर्भ? टीव्हीवर आमची बोली आहे, आमची जागा नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली राधिका नागपूरची, २०१६ ते २०२१ घरोघरी तिचं बोलणं गाजलं, आम्हाला त्याचं खूप कौतुक होतं अन् आहे, पण ती राहायची ठाण्यातल्या सोसायटीत. वऱ्हाडी माणूस टीव्हीवर दुसऱ्याच्या गावात पाहुणा म्हणूनच येते, याचं मला खरंच वाईट वाटते.

पावसाळ्यात आमच्या वावरातून चालून पाहा. दहा पावलांत चपलेला एवढी माती चिकटते की पाय उचलत नाही, मग बाया चप्पल हातात घेतात, धुऱ्यावरच्या दगडाला तळवा घासतात अन् पुन्हा चालतात. बोलणं पण मग तसंच होते, दोन शब्द, थांबणं, पुन्हा दोन शब्द. कापूस वेचणीच्या वेळी कमरेला ओटी बांधलेली असते, ती भरत गेली की बाई मागं रेलून चालते, अन् वाळल्या बोंडाच्या टोकांनी नखांजवळची कातडी निघते. कापूस घरी आला की समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेली, भाव वाढेल म्हणून ठेवलेला, लेकरं त्यात उड्या मारून अंग खाजवत फिरतात, अन् पाहुणा आला तर बसवायचं कुठं. "इकून टाका आता" अन् "थांब अजून आठ दिवस" हे नवराबायकोचं भांडण त्या कापसाला पाठ टेकूनच होते, मी लहानपणापासून दर वर्षी ऐकलं आहे. एका घराची सगळी कहाणी त्या खोलीत आहे, ती खोली फिल्मसिटीत कशी बांधणार?

अडचण समजते मला. रोज एक एपिसोड द्यायचा, कलाकार सगळे मुंबई-पुण्याचे, सातारा कोल्हापूर त्यांना जवळ पडते म्हणून गाव दाखवायचं तर तिकडंच जातात. पण आता समृद्धी महामार्ग झाला, ७०१ किलोमीटर, २०२५ मधी पूर्ण सुरू झाला, तर एखाद्यानं यावं. लोक सांगतील दिवाळीनंतर या, पऱ्हाटी म्हणजे कापसाची झाडं फुटलेली असतात, थंडी असते. मी म्हणते मे महिन्यात या. दुपारी दोन वाजता, पारा पंचेचाळीसवर, सागाला पान नाही, रस्त्यावर कुत्रं नाही, सगळ्या घरांची दारं लोटलेली अन् आतून फक्त कुलरची घरघर. तेव्हा आमच्या गल्लीत कॅमेरा लावा अन् म्युझिक काही टाकू नका.