गालिचा घेऊन दुकानात

सांगलीत विश्रामबागेत आमचं तळमजल्याचं घर आहे आणि हॉलमध्ये मी गाण्याचे वर्ग घेते. यंदा सतरा वर्षं झाली. मुलं खाली मांडी घालून बसतात, त्यामुळे बैठक कायम पसरलेलीच असते. मधोमध भदोहीचा लोकरी गालिचा, शेजारी दोन छोटे गालिचे आणि भिंतीलगत सतरंज्या. बाकी सगळी उघडी फरशी. हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स, आतल्या जुन्या खोल्यांत शहाबादी.

गेल्या वर्षी उसाचा हंगाम सुरू झाला आणि वर्गात शिंका सुरू झाल्या. नऊ वर्षांचा एक विद्यार्थी आहे, गळा गोड. पण आलाप दोन मिनिटं लांबला की शिंकायचा, डोळे चोळायचा. माझाही गळा सकाळी धरलेला असायचा. मला वाटलं, पाचट जाळतात त्याची काजळी असेल. त्या दिवसांत गच्चीवर काळी राख पडतेच. मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दिवसभर बसता कशावर?" गालिचा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे माइट्स राहतात, आपल्या अंगाच्या झडलेल्या कातडीवर जगतात आणि त्यांच्या विष्ठेनं शिंका, दमा असले त्रास उठतात. गाद्या, उशा आणि गालिचे ही त्यांची हक्काची घरं. "काढून टाका, नाहीतर नीट साफ ठेवा," असं ते म्हणाले.

आम्ही गालिचे काढून पाहिले. चार दिवस. ह्यांना वाटलं, प्रश्न सुटला. मला मात्र खोलीत उभं राहवेना. टाइल्स आणि उघड्या भिंतींच्या मध्ये आवाज इकडून तिकडे आपटत राहतो. तारांचा नाद खुलवणारी जवारी चांगली लावलेला मिरजेचा तानपुरा, पण त्याचा नाद घुमून गढूळ व्हायला लागला आणि मुलांना स्वतःचा षड्ज ऐकू येईना. शिवाय थंडीत नुसत्या फरशीवर तासभर बसायचं म्हणजे लहान मुलांची परीक्षाच. पाचव्या दिवशी गालिचे परत आले आणि मी ठरवलं, आता सफाईचंच काहीतरी बघायचं.

तोवर आमची सफाई म्हणजे रोज केरसुणी आणि रविवारी गालिचा गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीनं बडवणं. बडवल्यावर धूळ निघते, पण बडवणाऱ्याच्या नाकातोंडात जाते. केरसुणीनं गालिच्याच्या वरचा केर निघतो, मुळाशी बसलेली बारीक धूळ हलत नाही. फरशीवर तर ती धूळ उडते, तासाभरानं पुन्हा खाली बसते आणि तोपर्यंत मुलं येऊन बसलेली असतात.

शेजारच्या वहिनींनी आपलं जुनं व्हॅक्यूम क्लीनरचं मशीन आठवडाभर वापरायला दिलं. त्या आठवड्यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं. ते जमिनीवरून ओढायचं डब्यासारखं मशीन होतं, १४०० वॅटचं, आवाज असा की फोन वाजलेला कळायचा नाही. टाइल्सवर झकास चाललं. गालिच्यावर मात्र तोंड घट्ट चिकटून बसायचं, ढकललं की गालिचाच पुढे सरकायचा. जोर लावून सगळा गालिचा ओढून काढला, उन्हात नेऊन पाहिला, तर मुलींचे लांब केस जिथल्या तिथे. लोकरीत विणल्यासारखे अडकलेले. ओढ भरपूर होती, पण केस आणि धागे उकलून वर काढायला काहीतरी फिरतं लागतं, ते त्या मशीनच्या तोंडात नव्हतं.

मग दुकानं. हरभट रोडला दोन पाहिली, आमच्या भागात एक. सगळीकडे पहिलं वाक्य एकच: "वहिनी, हे घ्या, सोळाशे वॅटचं आहे." वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते. धूळ किती ओढतं ते त्यावरून कळत नाही. युरोपात २०१४ पासून व्हॅक्यूम क्लीनरच्या वॅटवर मर्यादा आणली, आधी १६०० आणि २०१७ पासून ९००. तरी तिथले लोक गालिचे साफ करतातच. ओढ ठरते ती हवा किती वाहते आणि पोकळी किती निर्माण होते यावर, आणि शेवटी ती हवा तोंडाशी कशी पोचते यावर. मोटर दणकट आणि तोंड वाईट असेल तर सगळा जोर वाटेतच जातो. आमच्या इलेक्ट्रिशियननं वॅटची दुसरी बाजू दाखवली. हॉलमध्ये सगळे प्लग ६ अँपिअरचे. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट, त्याच्या वर गेलं की १६ अँपिअरचा मोठा प्लग हवा, आणि तो आमच्याकडे स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात. म्हणजे सोळाशेवालं घेतलं असतं तर नवं वायरिंग करावं लागलं असतं, तेही हॉलची भिंत फोडून.

एका माणसानं घरी येऊन प्रात्यक्षिक दिलं. गादीवर मशीन फिरवलं, काळ्या कापडावर पांढरी भुकटी काढून दाखवली. बघून अंगावर काटा येतो आणि लगेच सही करावीशी वाटते. मी त्याला म्हटलं, "दादा, गादी राहू दे, हा गालिचा करून दाखवा." त्यानं वरवर दोनदा हात फिरवला आणि गादीकडे वळला. कोणतीही गादी कुणीही ओढली तरी त्या कापडावर काहीतरी निघणारच. माझ्या गालिच्यातले केस निघतात का, हे त्यातून कळत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं की आपणच आपली परीक्षा घ्यायची. छोटा गालिचा गुंडाळून स्कूटरवर पायाशी ठेवला, पिशवीत वाटीभर रवा, फणीत निघालेले केस आणि घरच्या केराची एक पुडी. दुकानातला मुलगा आधी गोंधळला, मग त्यालाच गंमत वाटायला लागली. "ताई, आणखी कुणी असं करत नाही," म्हणाला आणि चार मशीनं बाहेर काढली.

आधी फरशीवर रवा. हातात धरायचं बिनवायरचं एक मशीन होतं, त्याच्या तोंडात कडक केसांचा ब्रश जोरात फिरत होता. रव्याजवळ नेलं तसे निम्मे दाणे फटाफट माझ्या पायांवर आले. गालिच्यासाठी बनवलेला ब्रश गुळगुळीत फरशीवर हेच करतो, कण ओढायच्या आधी फेकून देतो. त्याच मशीनला मऊ, मखमलीसारखा रोलर लावला तर रवा मुकाट्यानं आत गेला. मग टाइल्सच्या सांध्यावर बोटानं रवा घासून भरला. तिथे रोलर वरून निघून गेला, सांध्यातली पांढरी रेघ तशीच. डब्याच्या मशीनचं तोंड खाली पाय दाबून बदलता येत होतं. दाबलं की काठाला आखूड केस बाहेर येतात, तोंड फरशीपासून किंचित वर उचललं जातं आणि हवा त्या फटीतून वेगानं आत जाते. त्यानं सांधा एका फेरीत मोकळा केला. मी वाकून बोट फिरवून पाहिलं, बोटाला एक दाणा लागला नाही.

नंतर गालिचा. केस मी मुद्दाम चपलेनं रगडून आत घातले. बिनवायरच्या मशीनच्या ब्रशनं ते झटक्यात उपसले, मान्य आहे. पण कडेला गेलं आणि झालर गिळली. रोलरभोवती दोरे गुंडाळले गेले, मोटर घरघरून बंद पडली. आम्ही दोघांनी बसून एकेक दोरा सोडवला. एक गोंडा तुटलाच. तो गोंडा मी अजून डबीत ठेवलाय, शिवायचा आहे. हातविणीच्या लोकरी गालिच्याला असा कडक ब्रश सोसत नाही, ज्यांच्याकडे झालरीचे गालिचे आहेत त्यांनी ब्रश बंद करायचं बटण आहे का ते आधी बघावं. डब्याच्या मशीनला वेगळा टर्बो ब्रश मिळत होता. त्याला मोटर नसते, आत जाणाऱ्या हवेनंच तो फिरतो. त्यामुळे ताकद कमी, जाड लोकरीत दबला की थांबतो. पण आमचे गालिचे आखूड लोकरीचे. तीन फेऱ्यांत केस निघाले, आणि झालरीशी नेलं तर ब्रश नुसता थांबला, दोरा ओढला नाही. माझं मत तिथेच ठरलं.

बिनवायरचं घ्यायचा मोह खूप होता, ते कबूल करते. हलकं, भिंतीला टांगता येतं, आमच्या कामाच्या मावशींनाही उचलायला सोपं. पण पूर्ण जोरावर त्याची बॅटरी आठ-दहा मिनिटांत उतरते आणि गालिच्याला पूर्ण जोरच लागतो. बैठक साफ व्हायला मला पंचवीस मिनिटं लागतात. फिरत्या रोबोचा विचार मी केलाच नाही. झालर आणि तानपुऱ्याची बैठक यांच्यात तो रोज अडकला असता.

धूळ जमते कशात, हा प्रश्न मी आधी क्षुल्लक समजले होते. धूळ प्लास्टिकच्या डबीत जमवणारं मशीन स्वस्त पडतं, पिशव्यांचा खर्च नाही. पण डबी रिकामी करताना तीच धूळ पुन्हा नाकाशी येते. ज्या घरात कुणाला ॲलर्जी आहे तिथे बंद होणारी कागदी पिशवी बरी, तोंड झाकून थेट कचऱ्यात. फिल्टर हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा, हवा हे दुकानदारही सांगतात, पण नुसता फिल्टर चांगला असून भागत नाही. मशीनच्या झाकणाच्या फटीतून धूळ बाहेर पडली तर फिल्टर काय करणार? हे मी दुकानातच पाहिलं. मुलाला शटर निम्मं खाली ओढायला सांगितलं, मशीन चालू करून मागच्या बाजूला मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. एका मशीनच्या सांध्यापाशी उजेडात कण नाचताना दिसले. माझ्या मशीनच्या मागे हवा स्वच्छ होती.

आणखी एक गोष्ट मी पैसे देण्याआधी लिहून घेतली. पिशव्या, फिल्टर आणि टर्बो ब्रशचा पट्टा सांगलीत मिळतो की कोल्हापूरला जावं लागतं? पहिल्या दुकानानं "सगळं मिळतं हो" म्हणून विषय संपवला होता. इथे त्या मुलानं कपाटातून पिशव्यांचं पाकीट काढून समोर ठेवलं. १२०० वॅटचं मशीन आणि टर्बो ब्रश मिळून साडेचौदा हजार पडले.

पहिल्या रविवारी मोठा गालिचा केला. घाईनं पुढेमागे केलं तर काही निघत नाही. एका हाताएवढी पट्टी सावकाश ओढायची, मग तीच उलट दिशेनं. दांड्यावरची हवेची खिडकी थोडी उघडली की तोंड चिकटत नाही आणि गालिचाही सरकत नाही. मग गालिचा उलटा करून पाठीकडून फिरवलं, पुन्हा सुलटा केला, आणि खाली फरशीवर पाहते तर पिठासारखी करडी धूळ, गालिच्याच्या विणीचा ठसा उमटलेली. सतरा वर्षं आम्ही त्या धुळीवर बसून गात होतो. मला रडू आलं, खरंच सांगते.

डॉक्टरांनी नंतर एक गोष्ट समजावली. व्हॅक्यूमनं धूळ आणि माइट्सची घाण निघते, पण जिवंत माइट्स धाग्यांना धरून बसतात. म्हणून सतरंज्या आता दर पंधरा दिवसांनी कडकडीत गरम पाण्यात धुते आणि गालिचे एप्रिल-मेच्या उन्हात उलटे टाकते. आपल्याकडचं ऊन त्या कामाला पुरेसं कडक आहे. पावसाळ्यात मात्र खोली कोरडी ठेवण्यावाचून इलाज नाही, ओल असली की ते वाढतात.

चूक एक झाली. दिवाळीनंतर दारातली रांगोळी मावशींनी मशीननं ओढली. रांगोळीची भुकटी इतकी बारीक की पिशवीचे कागद आणि फिल्टर तिनं बुजवून टाकले, मशीन तापून आपोआप बंद पडलं. दुरुस्तीला आलेल्या माणसानं फिल्टर दाखवला, पांढराशुभ्र झाला होता. रांगोळी, पीठ, सिमेंटची धूळ केरसुणीनंच काढायची, आणि उदबत्तीची राख तर विझलेली वाटली तरी मशीनला दाखवायची नाही, कागदी पिशवी आतून पेटू शकते, असं त्यानं बजावलं. मावशींना वाईट वाटलं. मी म्हटलं, "मावशी, मला तरी कुठे माहीत होतं?" आता देवघरापाशी केरसुणी आणि हॉलमध्ये मशीन, अशी वाटणी झालीय.

त्या मुलाच्या शिंका पूर्ण गेल्या नाहीत. काजळीच्या दिवसांत अजून येतात. पण परवाच्या गुरुवारी त्यानं भूप रागाचा आलाप सहा-सात मिनिटं सलग केला, डोळे मिटून, नाकाला हात न लावता. त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती. वर्ग सुटल्यावर तिनं मशीनचं नाव विचारलं. मी तिला म्हटलं, आधी घरी जाऊन तुमचा गालिचा आखूड लोकरीचा की जाड ते बघा, आणि झालर आहे का ते सांगा, मग दुकानात मी येते. पाकिटातली शेवटची पिशवी परवाच लावलीय, मलाही तिकडे जायचंच आहे.